बांबू वळला नाही

माझ्या हातून उभ्या राहिलेल्या पहिल्या दवाखान्यात पहिलाच पेशंट दारात अडकला. पेशंट माझी बायको होती.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती आणि मी मुंबईत आर्किटेक्ट होऊन श्रीवर्धनला परतलो होतो. गावात प्रसूतिगृह बांधायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. (गावात दुसरा आर्किटेक्ट नव्हता, एवढीच माझी लायकी!) मी जीव ओतून नकाशा काढला. बाळंतिणीवर रस्त्यावरच्या कुणाची नजर पडू नये म्हणून दारातून आत गेलं की समोर आडोशाची भिंत, हवेसाठी तिला वरच्या अंगाला झरोके, मग काटकोनात डावीकडे वळायचं आणि आतली खोली. पुठ्ठ्याची इवलीशी स्ट्रेचरची गाडी कापून मी ती नकाशावर फिरवूनही पाहिली होती. काय सुरेख वळत होती!

माझे सासरे अण्णा यांची सुपारीची वाडी टेकडीपलीकडच्या गावात. पहिलं बाळंतपण म्हणून ही माहेरी गेली होती. मूल पायाळू येणार, घरी धोका पत्करू नका, असं प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावलं होतं. झालं! अण्णा साऱ्या गावाला सांगत सुटले, "आमच्या जावयानं बांधलेल्या दवाखान्यातच होणार सुमीचं बाळंतपण!" मीही काही कमी नव्हतो. सुईण आपणहून विचारपूस करायला आली, तर तिला मीच मोठ्या ऐटीत परत पाठवली.

मी सासरवाडीलाच मुक्कामाला होतो, तेव्हा एके सकाळी कळा सुरू झाल्या. टेकडीवरून गाडीरस्ता नव्हता. तिकडून आजारी माणूस आणायचा तो डोलीतून. म्हणजे एक लांबलचक बांबू, त्याला दोरांनी झोळीसारखं बांधलेलं जाड कापड, कापडात माणूस आणि बांबू चौघांच्या खांद्यावर. शेजारचा धाकू कोळी आणि त्याचे तीन भाऊ होडी किनाऱ्याला तशीच सोडून धावत आले. हिला घेऊन ते टेकडी अशी काही झपाझप उतरले, की मागून धापा टाकत येताना मलाच दुसरी डोली लागते की काय, असं वाटू लागलं.

चौघं प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढले, दारातून आत शिरले आणि थांबले.

"काय झालं?" मी मागून ओरडलो.

"जावईबापू, समोर भित हाय!" धाकू म्हणाला.

"डावीकडे वळा!"

"आमी वळलो. बांबू वळत न्हाय!"

"जरा तिरका करा!"

"तिरका केला तर ताय खाली घसरंल!"

डोलीतून हिचा आवाज आला, "अहो, ही भिंत कुणी घातली इथे?" (प्रश्न माहितीसाठी नव्हता.)

"पुढचं टोक वर उचला आणि फिरवा!" मी सुचवलं. उचललं. तेवढ्यात अण्णा ओरडले, "पुढे व्हा, पुढे!" मागच्या दोघांनी रेटा दिला आणि बांबूचं टोक माझ्या हवेशीर झरोक्यात जाऊन गच्च बसलं. आता पुढेही नाही आणि मागेही नाही! चाकांची गाडी आत तयार उभी होती, पण तिची बाहेर यायची वाट तिच्याच पेशंटने अडवली होती.

डॉक्टरीणबाई आतून आल्या, बांबूखालून वाकून पलीकडे झाल्या आणि त्यांनी हिला तपासलं. त्यांचा चेहरा बदलला. "आता हलवायचं नाही. इथेच. दोर सोडा, गादी आणा आणि पुरुष सगळे बाहेर!" चौघा भावांनी हिला गादीवर इतक्या अलगद उतरवलं, की मला त्या क्षणीही त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मी पायरीवर बसलो. आत पायाळू मूल, जमिनीवरचं बाळंतपण, आणि त्या सगळ्याला कारण मी. धाकू शेजारी येऊन बसला. "व्हईल सगळं नीट, जावईबापू. डाक्टरीणबाई खमकी हाय."

आणि आतून टाहो ऐकू आला! शिक्षण, पदवी, जावयाचा रुबाब, सगळं विसरून मी ढसाढसा रडलो.

"मुलगी आहे. दोघी सुखरूप," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. मी वाकलो. "पाया नंतर पडा, आधी ती भिंत पाडा!"

"किती पाडू?"

"बांधलीत तेवढी!"

मायलेकी घरी गेल्यावर धाकू भावांसकट पहार घेऊन हजर झाला. भिंत गेली, तिच्या जागी पडदा आला. बारशाला त्या चौघांना आणि बाईंना मी पहिल्या पंगतीत बसवून स्वतः वाढलं. त्यांचे उपकार वाढप्याचं काम करून फिटणारे नव्हते, पण मला दुसरं काही येतही नव्हतं. पुढे मी बरेच दवाखाने बांधले. नकाशाला हात घालण्याआधी विचारायचो, "इथे आजारी माणूस आणतात कसा? होडीतून, बैलगाडीतून की पाठीवर?" लोकांना वाटे, काय बारकाईने विचार करतो हा माणूस!

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास मुंबईचे एक मोठे आर्किटेक्ट माझं काम बघायला आले. प्रसूतिगृहाच्या दारातच ते थबकले. "वा! दारातून थेट आत! कुठे अडथळा नाही, केवढा मोकळेपणा! सुचलं कसं हो तुम्हाला?"

मी नम्रपणे मान खाली घातली. उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच शेजारी उभी असलेली ही म्हणाली, "ते मला सुचलं. यांची इथे भिंत होती."