दाराबाहेरून टाकलेला ड्रायव्हर

काकूंनी, म्हणजे श्रुतीच्या आईनं, खुर्ची उचलून खोलीच्या दाराबाहेर ठेवली. तिच्यावर उशीही ठेवली. म्हणाल्या, "बेटा, तू इथंच बस. अंदर देव आहेत ना. श्रुती टाइप करते, तू इथूनच सांग."

मी बसले. हो, बसले.

त्याआधी त्यांनी मला गाव विचारलं होतं. आंजी म्हटल्यावर खूश झाल्या, तिथं त्यांचे पाहुणे होते. मग आडनाव विचारलं. ऐकून हसतच म्हणाल्या, "गोंड का तुमी?" मी हो म्हटलं. त्यात लपवण्यासारखं मला काहीच वाटलं नव्हतं.

श्रुती माझ्या वर्गातली. वर्ध्याला आम्ही दोघी अॅनिमेशन शिकत होतो. तिच्या वडिलांचं किराण्याचं होलसेल दुकान, बोरगाव मेघेला मोठं घर, आणि आता तिच्यासाठी नवा कॉम्प्युटर. दोन स्क्रीन. फिरती खुर्ची. आत चित्रं झटपट तयार करणारं ते ग्राफिक्स कार्ड, ज्याचे फोटो मी मोबाइलवर शोधून शोधून बघायचे. माझ्याकडे कुणीतरी वापरून टाकलेलं मशीन. त्यावर दुसरं काही चालेना म्हणून मी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती आणि चुकत चुकत शिकले होते. एक चित्र तयार व्हायला अख्खी दुपार लागायची. मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. श्रुतीनं ते कार्ड मागितलंही नव्हतं, ते आपोआप तिच्याकडे आलं होतं. मी जळत होते. उघड सांगते, जळत होते.

आमचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चांगलं चालतं असं सर म्हणाले, म्हणून तिनंही लिनक्स टाकून घेतलं. पण कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काही बसेना. एका स्क्रीनवर सगळं ढोबळ, फुगलेलं. दुसरी काळीच. तिनं मला वर्गात गाठलं. "तू हे चालू करून दे, मंग तुझी फिल्म इथंच बनव." शेवटच्या फिल्मवर आमचे सगळे मार्क होते. मी त्या एका वाक्यासाठी गेले होते.

तर मी बाहेरून सांगत होते आणि ती आत लिहीत होती.

"काय आलं?"

"कायतरी लंबंच्या लंबं आलं."

"वाच ना."

ती दोन ओळी वाचायची, बाकीच्या गाळायची. मला समोर भिंत दिसत होती, आणि मान लांब केली की स्क्रीनचा नुसता उजेड. अर्धवट बसलेला ड्रायव्हर काढायला लावला, पुन्हा टाकायला लावला, मशीन बंद करून चालू करायला लावलं. तसंच. नेमकं काय अडलं होतं ते मला कळत नव्हतं, आजही ठाऊक नाही. असं अडलं की डोळ्यांनी बघावं लागतं. ओळी भरभर वर सरकतात, त्यातली एखादीच कामाची असते.

मी विचारलं, "काकू, पाच मिनिटं अंदर येऊ का? नुसतं पायतो."

"नाई बेटा. तू सांग ना. श्रुती करते ना सगळं."

आवाज गोड होता. मग मी श्रुतीला विचारलं, "अन् माही फिल्म? ते मी कुठं बसून करू?"

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "फाइल आणून देजो. मी लावून देईन ना."

म्हणजे माझ्या फिल्मलाही हात तिचेच लागणार होते. मी कायम बाहेर. मी उठले, चप्पल घातली.

"अवं, काऊन चालली? अर्धंच तं झालं."

"अंदर बसू देशील तं करीन. नाई तं एक अक्षर नाई सांगत मी."

"आई अशीच आहे. तू मनावर नको घेऊ."

ती आत होती. मनावर न घेणं तिला सोपं होतं.

चार दिवसांनी तिच्या स्टेटसवर फोटो दिसला. मशीन चालू करून द्यायला नागपूरहून कुणीतरी आला होता. त्या फिरत्या खुर्चीत बसला होता, बाजूला सोललेल्या संत्र्यांची प्लेट. दोन्ही स्क्रीन उजळलेल्या. त्या अनोळखी माणसावरही मी जळले.

वर्गात फिल्म दाखवल्या. तिची सरळ सरकली. माझी अडखळत, पात्रं धूसर, शेवट कापलेला. टाळ्या तिला मिळाल्या. मी टाळी वाजवली नाही.

सर म्हणाले, "मैत्रिणीकडे एवढं मशीन होतं. मदत घ्यायची ना."

मी उभी राहिले. "सर, मले त्या खोलीत जाऊ नाई देलं. मी गोंड आहे म्हणून."

मग श्रुती रडायला लागली. मुली तिच्याकडे धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. एक जण मला म्हणाली, "असं सगळ्यायसमोर बोलाचं असते का?" माझ्याजवळ कुणी आलं नाही. मला तिच्या रडण्याचाही मत्सर वाटला. माझ्या रडण्याला इतकी माणसं कधी धावली नसती.

सर म्हणाले, "बस आता." मी बसले नाही. खोलीत कोण होतं, काकू काय म्हणाल्या, श्रुती काय म्हणाली, सगळं सांगितलं.

मार्क गेले. मैत्री गेली. तसं कार्ड मला अजूनही हवं आहे आणि ते मी घेणारच. पण हे मी सांगत राहणार. समोर कुणी रडलं, तरी वाक्य पुरं करूनच थांबणार.