सही कोणाची?

कॉम्प्युटरमधून निघालेली कुठलीही यादी हातात आली की बाई आधी तिच्या तळाशी बघायच्या, मग कागद उलटून मागं बघायच्या आणि विचारायच्या, "सही कोणाची?"

मी सांगायचो, "बाई, ही मशीननं काढलीये."

"बरं. मग मशीनला सही करायला सांगा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नवीन यंत्राला घाबरतात, असं आपण समजतो. मीही तेच समजत होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, शहरातल्या द्वारका चौकाजवळ वसतिगृहांचे प्रवेश बघणाऱ्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. वणीजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. बाई आमच्या अधीक्षक. मला त्या 'संगणकराव' म्हणायच्या आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळीभाजी माझ्यापुढं सरकवायच्या.

त्या वर्षी साहेबांनी मला एक काम दिलं. काही मुलं दोन-दोन अर्ज करून जागा अडवायची. अशांचे दोन्ही अर्ज बाद, असा नियम होता. मी प्रोग्रॅम लिहिला: नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली, की दोन्ही अर्ज बाद. चार दिवसांचं काम वीस मिनिटांत झालं. साहेबांनी चहा पाजला.

यादी बोर्डावर लागली. अंतिम यादी त्याच संध्याकाळी वर जायची होती. दुपारी पेठ तालुक्यातला एक माणूस मुलीला घेऊन आला. मुलीनं पत्र्याची पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली. तिचं नाव यमुना. ती दहावीला शाळेत पहिली आली होती. इथं जागा मिळाली नाही, तर अकरावी नाही. त्यांच्या पाड्यापासून कॉलेज रोज जाऊन येण्यासारखं नव्हतं.

"साहेब, नाव नाय बोर्डावर," तो मला म्हणाला.

मी स्क्रीनवर बघितलं. "तुम्ही दोन अर्ज केलेत."

"एकच केला. पोरगी बी एकच हाय."

"कॉम्प्युटर दोन दाखवतोय."

शेजारच्या टेबलावरून बाई उठल्या. "संगणकराव, तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून."

"आई काय म्हणते?"

आई म्हणायची, तू चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत झालास. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनची होती.

"यमुना, तुझी?"

"एक जून," मुलगी म्हणाली.

बाईंनी कपाटातून दोन्ही अर्ज काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक यमुना पेठची, दुसरी सुरगाण्याची. दोन फोटो, दोन वेगळे चेहरे. डोंगरातल्या पाड्यांत नावं तीच ती असतात, आडनावं तर त्याहून कमी. हे मला माहीत होतं. मी प्रोग्रॅमला ते सांगितलं नव्हतं.

बाई दोन्ही अर्ज घेऊन साहेबांकडं गेल्या. मी मागं उभा होतो.

"मशीन चुकत नाही बाई, माणसं चुकतात," साहेब म्हणाले.

"म्हणूनच म्हणते. माणसाला नोटीस तरी देता येते. उद्या ही मुलगी विचारेल, मला कोणी काढलं, तर कोणाचं नाव सांगू? तुमचं सांगू?"

साहेबांनी दोन्ही फोटो पाहिले. मग घड्याळ पाहिलं. "संध्याकाळपर्यंत जमेल?"

जमलं. आम्ही बाद झालेला प्रत्येक अर्ज हातानं तपासला. अशा आणखी अकरा जोड्या निघाल्या. बाई एकदाही रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "खा काहीतरी, सकाळपासून उपाशी आहात." सहाच्या सुमाराला यमुना पेटी उचलून वसतिगृहाकडं निघाली, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की नोकरी गेली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांच्या सहीनं तीन ओळींचा आदेश काढला आणि डिंकानं माझ्या मॉनिटरवर चिकटवला. यंत्राची यादी ही सूचना समजावी, निर्णय नव्हे. नाव वगळण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे. वगळणाऱ्याने कारण लिहून सही करावी.

बाई आता नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेला कायदा कसा लावायचा, यावर हल्ली मोठे मोठे लेख येतात. मला सगळे कळत नाहीत. मी त्यांत या तीन ओळी शोधतो. सापडल्या की बरं वाटतं.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांच्यापुढं त्यांची शेवटची यादी ठेवली. वगळलेल्या प्रत्येक नावापुढं माझ्या अक्षरात कारण होतं आणि माझी सही होती. बाईंनी ती तळापर्यंत वाचली. सवयीनं कागद उलटायला हात उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"लावा बोर्डावर," म्हणाल्या, आणि पेनाला टोपण घातलं.