पावण्यांना दाखवलेले मार्क

मंडळी, आज डोकं लई फिरलंय, म्हणून घरी न जाता जुन्नरच्या कॅफेतूनच लिहितोय.

आमच्या कॉलेजातलं कॉम्प्युटरचं नेटवर्क मी सांभाळतो. मार्कांचा प्रोग्राम फक्त परीक्षा विभागातल्या एका कॉम्प्युटरवर उघडेल, बाकी सगळीकडे बंद, असा नियम मीच सर्व्हरवर घातलाय.

आज दुपारी आमच्या क्लार्कभाऊंकडे पिंपरी पेंढारचे पावणे आले. आमच्याच एका विद्यार्थिनीला बघायला आळ्याला निघालेले. परीक्षा विभागातल्या मॅडम जेवायला गेल्या होत्या. भाऊंनी पावण्यांना मॅडमच्या खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि त्या पोरीचे सगळे मार्क उघडून दाखवले. एका विषयात ती नापास. पावणे तिथूनच माघारी फिरले. तिकडं तिच्या घरी पोह्यांची तयारी करून माणसं वाट बघत असतील!

मी भांडलो, तर भाऊ म्हणतात, "आरं, पावण्याला नाय कसं म्हणायचं? आन् तुझा नियम कुठं मोडला? त्याच कॉम्प्युटरवर तर दावलं!"

खरंय. माझा नियम कॉम्प्युटर ओळखतो, समोर बसलेला माणूस ओळखत नाही. ती चूक माझी, उद्याच सुधारतो.

पण राव, एवढंच सांगा. ती पोर भाऊंची स्वतःची असती, तर पावण्यांना ती खुर्ची मिळाली असती का?