मेल आली, चहा मांडा!

ओट्यावर म्हातारे बसले का किस्से उकिरड्यावानी वाढतात. वावरात कोणी नेऊन टाकत नाही, अन ढीग काही कमी होत नाही! आमच्या कामरगावच्या ओट्यावर सध्या एकच ढीग हाय, माह्या घरच्या कॉम्प्युटरचा.

पोरगा विलास जहाजावर नोकरीले. समुद्रात फोन लागत नाही, मेल येते. ती दूर कुठंतरी सर्व्हरवर पडते. सून रंजनानं असं लावून देलं का कॉम्प्युटर घडीघडी आपल्या मनानं तिकडं जाते अन मेल घरी घेऊन येते.

दोस्त किसन म्हणे, "तुह्या कॉम्प्युटरच्या डब्ब्याले रस्ता बराबर सापडते. अन तू परवा कारंज्याहून येतानी चुकीच्या जीपमंदी बसला!"

*

मेल आली का डब्बा 'टिंग' वाजते. आमच्या म्हातारीले, शांतेले, वाटे पाव्हणा आला. टिंग वाजली का चहाचं आधण!

रंजनानं मेल वाचून दाखवावी तं कर्ज घ्या, केस वाढवा. मले! अख्खं टक्कल!

रंजना म्हणे, "मामाजी, ह्या फालतू मेल बंद करून देऊ?"

शेजारचा नामदेव चहासाठीच बसून राहे. तो वरडला, "कायले वो सूनबाई? एखादा कर्जवाला तं येऊ द्या!"

*

एकदा किसन म्हणे, "हा जातच हाय, तं पुण्याहून माह्या पोराचीही मेल आणंन का?"

"पत्ता दे त्याचा."

"पत्ता कायले? तुह्या पोराले ओळखते, माह्याले नाही? संगच खेळले ना दोघं!"

*

पोळ्याले रंजना माहेरी केनवडले गेली. त्याच दिवशी टीव्हीवर दाखवलं, विलासचं जहाज गेलं तिकडंच मोठं वादळ. अन टिंग नाही! डब्बा सुनेच्या खोलीत, तिथं मी पाय ठेवत नाही. ओट्यावरूनच कान लावून बसलो. पुरणपोळी ताटातच राह्यली. नामदेवनंही चहा मांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी रंजना आली. मी दारातच भडकलो, "तुह्या डब्ब्यानं मेल हरवली!"

तिनं खोली उघडली अन थबकली. डब्ब्यावर बैलाची झूल. वर बाशिंग. समोर नैवेद्य, त्याले मुंग्या. अन बटन बंद!

"आत्याबाई, हे कोणं केलं?"

"मीनं," शांता म्हणे. "सालभर हेलपाटे मारून राह्यला बिचारा. पोळ्याले बैल जुपत नाही, मंग याले काहून जुपाव?"

"पोळा काल झाला!" मी वरडलो. "टीव्हीवर वादळ नाही पाह्यलं?"

"पाह्यलं म्हणून तं आजही बंद ठेवला! पोरगा तिकडं अडकला. हाही वादळात गेला तं मेल कोण आणंन?"

रंजना म्हणे, "मेल हरवत नाही मामाजी. सर्व्हरवर थांबून राह्यते." तिनं बटन दाबलं.

जरा वेळ काहीच नाही. मंग टिंग! टिंग! टिंग!

विलासनं लिवलं होतं, "वादळाच्या आधीच बंदरात आलो. खुशाल आहो." पुढची मेल, "उत्तर काहून नाही? घरी सारे ठीक ना?"

मी ओट्यावर येऊन बसलो. डोक्यावरचं पोतं उतरलं. नामदेवले म्हणलं, "बस. चहा येते."

आत शांता रंजनाले सांगून राह्यली होती, "लिव. आमी ठीक. डब्ब्याले पोळ्याची सुट्टी होती."

थोड्या वेळानं विलासचं उत्तर आलं, "आई, त्याले पुरणपोळी चारली ना?"

शांता फणकारली, "हे काय इचारणं झालं? तुह्या बापाच्या आधी चारली!"