तळाचं वर येतंय!

चहा घेता घेता ऐका, पण ठसका लागला तर मला बोल लावू नका. फजिती माझी आहे, तवा हसायचा पहिला हक्कबी माझाच!

मी दीड वर्ष मुंबईला जहाजावर होतो, हे तर तुमाला ठावं आहे. काहून हसता? होतो म्हणजे होतो! कांदे चिरायला होतो, पण कांदे जहाजावरच चिरत होतो ना?

शिरड शहापूरला, सासरवाडीत, मी कांद्याचं तेवढं बोललो न्हाई. तिथं सांगायचो, "जहाजाचा पंखा उथळ पाण्यात फिरला, की समुद्राच्या तळाचा गाळ उसळून येतो. तळाचं सगळं वर!" सासरे सुपारी चघळायची थांबायचे. मला लई गोड वाटायचं.

तर मागच्या हिवाळ्यात धाकट्या मेहुणीचा, सुरेखाचा, साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं सिद्धेश्वर धरणावर रोडगे खायला गेली. जेवण झालं, सुरेखा काठावर हात धुवायला वाकली अन् किंचाळली, "दाजी! अंगठी पडली!"

साखरपुड्याची अंगठी हो! तिची होणारी सासू तिथंच पान लावत बसलेली. तिनं नुसतं वर बघितलं अन् आमच्या सासूबाईंचं तोंड पांढरंफटक. सुरेखाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

आता खरं सांगू? पाणी गुडघाभर. एकदम नितळ. अंगठी तळाला चमकून राहिली होती. वाकायचं अन् उचलायची, एवढंच काम.

"थांबा!" मी ओरडलो. "कुणी पाण्यात पाय घालू नका!"

"दाजी, ती बघा की, दिसून राहिली. घेते मी."

"पाय टाकशील अन् गाळात दाबशील! पंखा लावतो, अशी वर येईल. तू फक्त झेल."

बायको म्हणाली, "अहो, गप बसा ना." पण एवढ्या पाव्हण्यांत गप बसंल तो जावई कसला?

काठाला एका मासेवाल्याची इंजिनाची होडी होती. त्याला हातापाया पडून राजी केलं. होडीचं मागचं टोक अंगठीकडं फिरवलं अन् म्हणलं, "सोड!"

भर्रर्र! तळ वर आला, हे मात्र बराबर. पण अंगठी न्हाई, नुसता गाळ! पाण्याचा पार चहा झाला. विहीणबाईंच्या कोऱ्या साडीवर चिखलाची नक्षी उमटली. इंजिन बंद करून आमी गाळ बसायची वाट बघितली. बसला, तर खाली हातभर खड्डा अन् अंगठी गायब!

सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, जहाजावर असं काही सापडलंय का कधी?"

"न्हाई."

"मग आधी काहून बोलले न्हाई?"

मी तसाच पाण्यात घुसलो. मागनं दोन्ही घरची माणसं गाळात उतरली. विहीणबाईंनी पदर खोचला, नवरदेवानं नवी पॅंट मांडीपर्यंत दुमडली, अन् सगळे चाचपडून राहिले. मधीच सुरेखा लाजून हसली. मी ओरडलो, "सापडली!"

कसली सापडली? गाळात तिच्या हाताला नवरदेवाचा हात लागला होता.

ऊन कलता कलता त्यालाच घावली, पडलेल्या जागेपासून चांगली लांब. त्यानं धुतली अन् सगळ्यांसमोर पुन्हा तिच्या बोटात घातली. विहीणबाई हसल्या, तवा सासूबाईंच्या जिवात जीव आला. माझ्याबी आला. म्हणलं, सुटलो, आता हे सगळे विसरतील.

लग्नात माझ्या बायकोला नाव घ्यायचा आग्रह झाला. भरल्या मांडवात, माईकवर! तिनं माझ्याकडं लई गोड बघितलं. मीबी कॉलर ताठ करून उभा राहिलो.

"सिद्धेश्वरचं पाणी नितळ, तळ दिसतो साफ,
गणपतरावांनी पंखा फिरवला, देवा कर माफ!"