पेशव्यांच्या मयतीला

लग्नाला पंधरा दिवस झाले होते, तेव्हा मी बायकोला पहिल्यांदा पुण्याला नेलं, ते मयतीला.

बेत तसा वेगळा होता. सुमन निरवांगीची. उसाच्या फडापलीकडचं जग तिनं बघितलेलं नव्हतं. तिला हौस एकच : पुण्याच्या बागेतल्या छोट्या आगगाडीत, फुलराणीत, बसायचं. मी म्हणालो, "आगगाडी काय, आख्खं पुणं तुझ्या ओटीत घालतो!" (नव्या नवऱ्याच्या जिभेला हाड नसतं. कण्यालाही नसतं, हे तिला अजून कळायचं होतं.)

सणसरला एसटीत चढलो, तर माझी गोदाआत्या आधीच जागा धरून बसलेली! "तुमी बसा की जोडीनं. मी न्हाय मधी येत," म्हणाली आणि दोघांच्या मधोमध बसली.

शनिवारवाड्यात मी बायकोवर छाप पाडायला लागलो. कोवळ्या पेशव्याचा खून असा रंगवला, की रक्ताचे शिंतोडे माझ्याच सदऱ्यावर दिसायला लागले!

आत्यानं विचारलं, "केवढा हुता रं?"

"नुकतं मिसरूड फुटलेलं."

"लगीन?"

"बायको पोटुशी होती."

"आन् मारलं कुणी?"

"मारेकऱ्यांनी. पर डाव चुलत्याचा, म्हणत्यात."

"सख्ख्या चुलत्याचा!" आत्या मटकन खाली बसली आणि तिनं हेल काढला, "आरं माज्या वाघाऽऽ! तुज्या बायकूनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं रंऽऽ!"

आमच्याकडं रडणारीला एकटं सोडत नाहीत. कुठल्याशा गावच्या सहलीच्या बायका निघाल्या होत्या. त्यांनी काही न विचारता पदर तोंडाला लावले आणि आत्याच्या गळ्यात पडल्या. दिल्ली दरवाजाचे खिळे तेवढे रडायचे राहिले! एक टोपीवाले पुणेकर थबकले.

"कोण गेलं हो?"

"पेशवे," मी म्हणालो.

"त्याला दोनशे वर्षं झाली. एसटीनं आलात वाटतं?"

रडं आटोपलं. सुमन हळूच म्हणाली, "अवं, आता फुलराणी?"

आत्याचे डोळे क्षणात कोरडे! "मयतीवरनं उठून कुणी जत्रंला जातंय व्हय? आदी घर, मग आंगूळ, मगच पाणी तोंडात!"

सुमननं माझ्याकडं बघितलं. नवऱ्याचा एक शब्द तिला हवा होता. आख्ख्या पेशवाईला पुरलेली माझी जीभ त्या एका शब्दाला पुरली नाही. "आत्या म्हणती ते बरोबर हाय," मी म्हणालो.

बसनं स्वारगेटला जाताना बागेतनं फुलराणीची शिट्टी ऐकू आली. सुमननं खिडकी लावून घेतली.

घरी आत्यानं अंगणातच, नव्या साडीसकट, तिच्या डोक्यावर गार पाण्याची कळशी ओतली. शेजारणीनं मयतीच्या रिवाजाप्रमाणं कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आणली. सुमननं मुकाट्यानं खाल्ली.

पुढं कितीदा म्हणालो, चल, जाऊ. म्हणते, "त्यात ल्हान पोरं बसत्यात."

आता एखादी पाहुणी विचारते, "पुणं बघितलंय का?"

"व्हय. एकदा. मयतीला गेलते."

"कुणाच्या?"

सुमन माझ्याकडं बोट करते. आणि मयत उठून सगळ्यांसाठी चहा टाकतं!