गोड्या पाण्याने बुजलेले झरे

मी सोलापुरात एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. म्हणजे दगडांना चिठ्ठ्या चिकटवते, मुलांनी काचेच्या नळ्या फोडल्या की त्यांच्यावर करवादते आणि घरी गेले की शास्त्रज्ञाच्या थाटात सल्ले देते. त्यातला एक सल्ला माझ्या थोरल्या भावाने मनावर घेतला.

दादाचं शेत होटगीच्या पुढे. डाळिंबाची बाग आणि एक विहीर. पाणी खारं, पण झरे असे की भर उन्हाळ्यातही मोटर कधी कोरडी चालली नाही. डाळिंबांना ते पाणी मानवलं होतं. माझाच त्या पाण्यावर दात होता. त्यात डाळ शिजत नसे, चहा नासत असे, ठिबकच्या नळ्यांवर पांढरे थर चढत. एका वर्षी कालव्याला पाणी सुटलं तेव्हा मी म्हणाले, "दादा, हे गोडं पाणी विहिरीत सोड. सगळा खार धुऊन निघेल."

त्याने गाळ जाऊ नये म्हणून पाइपच्या तोंडाला फडकं बांधलं आणि विहीर काठोकाठ भरली. पंधरा दिवस वहिनीची डाळ मऊ शिजली. मी फोनवर इतकी मिरवले की आता आठवून लाज वाटते. मग उपसलेलं पाणी काही परत भरेना. तळाच्या मुरमातून धो धो येणारा पाझर करंगळीएवढाही राहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाग वाळली. दादाने स्वतःच्या हाताने लावलेली झाडं स्वतःच उपटून बांधावर रचली. शेजाऱ्याच्या बोअरने पाणी ओढलं, असं तो सगळ्यांना सांगत राहिला. मीही तेच धरून बसले. मला ते सोयीचं होतं.

यंदा मुलांसाठी मुरमातून पाणी कसं झिरपतं हे दाखवणारा नेहमीचा प्रयोग लावायचा होता. मुरूम संपला होता, म्हणून दादाच्या विहिरीवरून आणलेला नळीत भरला. आधी मिठाचं पाणी सोडलं. खालून थेंब एका लयीत पडत राहिले. मग शुद्ध पाणी सोडलं. थेंब गढूळ झाले, मंदावले आणि थांबले. सरांनी मुलांना समजावलं, की पाणी खारं असतं तोवर मुरमातले चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. गोडं पाणी आलं की ते फुगतात, सुटतात आणि दगडातल्या बारीक वाटांमध्ये अडकून बसतात.

हे मी दरवर्षी ऐकते. कितीदा तरी ती नळी माझ्याच हाताने भरली आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या नळीत दादाची विहीर दिसली.

शनिवारी गावी गेले. बागेच्या जागी आता ज्वारी होती. दादा बांधावर बसला होता. शेजाऱ्याचा काही दोष नाही, विहीर माझ्यामुळे गेली, हे मी त्याला सांगितलं आणि सांगता सांगताच रडायला लागले.

"ठावं हाय की मला," तो म्हणाला. "विहिरी खोदणारा म्हातारा आला हुता न्हवं. त्यो म्हणला, खाऱ्या मुरमात गोडं पानी सोडू नगा. माती फुगती, झरं बुजत्यात."

"कधी म्हणाला? झरे बुजल्यावर?"

"न्हाय. मी पाइप टाकत हुतो तवाच."

"मग सोडलंस कशाला रे पाणी?"

"तू सांगितलं हुतंस की, तायडे. त्येला म्हणलं, माझ्या बहिणीपरास तुला जास्त कळतंय व्हय? लई बोललो त्येला. हाकलूनच दिला."

हे सांगताना त्याच्या आवाजात अजूनही माझा अभिमान होता. मला त्याच्याकडे बघवेना.